पापण्या नसलेला राक्षस

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एका खिंडीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे मिठागर. खिंडीत एक राक्षस राहायचा. तो कुणा आईच्या पोटी जन्मला नव्हता. गावानेच त्याला सांगून सांगून घडवलं होतं.

गावाची रीतच तशी होती. सुगी संपली की सगळे खळ्यावर जमायचे आणि एका घराने राक्षसाची गोष्ट सांगायची. सांगणाऱ्याने राक्षसाला एक नवा अवयव द्यायचा. आधीचा कोणताही काढून घ्यायचा नाही. खळ्यावर जे सांगितलं जाई, ते खिंडीत खरं होई. कुणी सुळे दिले, कुणी नख्या दिल्या, कुणी पाठीलाही डोळे दिले. ज्याची भर जास्त भयंकर, त्याची वाहवा जास्त.

असं करता करता राक्षस एवढा वाढला, की खिंड बंद झाली आणि मिठागराची वाट तुटली. गाव अळणी जेवू लागलं. गुरं भिंती चाटू लागली, खंगू लागली. शेवटी पाटील म्हणाले, "यंदाची गोष्ट झाली की गाव उठवू. दुसरीकडे जाऊन राहू."

यंदाची पाळी कुंभाराच्या घरची होती, आणि सांगायचं होतं कुंभाराच्या सुनेला. ती इतकी लाजरी, की विहिरीवरही सगळ्यांच्या मागून पाणी भरायची. तिची गाय गाभण होती, पण मिठावाचून इतकी खंगली होती, की तिला उभंही राहवत नव्हतं. गाव उठलं असतं, तर गाय मागेच राहिली असती.

सासू म्हणाली, "दे एखादं शेपूट आणि हो मोकळी."

"आत्याबाई, ज्याला पाहिलंच नाही, त्याचं काय सांगू? मी बघून येते."

"बघून येते म्हणे. तो काय जावई आहे, पाटावर बसून वाट बघायला?"

सुनेने फडक्यात भाकरी बांधली आणि भर दिवसा खिंडीची वाट धरली.

राक्षस दिसताच ती पळायला वळणार, तोच थांबली. पळणाऱ्याला तो गाठतो, असं गोष्टीत होतं. बसणाऱ्याचं तो काय करतो, हे मात्र आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती त्याच्यासमोर खाली बसली.

राक्षस गोंधळला. "तू पळत का नाहीस?"

"यंदा तुझी गोष्ट मी सांगणार आहे. तुला नीट बघू दे."

"बघ. आणि जाऊन अजून एक सुळा दे. ठेवायला जागा नाही, तरी दे."

तिने निरखून पाहिलं. राक्षसाचे सगळे डोळे निखाऱ्यासारखे लाल होते, आणि तो उभ्या उभ्या डुलत होता.

"तू झोपत नाहीस?" तिने विचारलं.

"कसा झोपू? तुझ्या गावाने मला इतके डोळे दिले. मिटायला पापण्या कुणी दिल्या?"

तिने भाकरी त्याच्यासमोर ठेवली आणि ती घरी परतली.

खळ्यावर गाव जमलं. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी राक्षसाला पापण्या देते."

"मग काजळही घाल गं," मागून कुणीतरी ओरडलं. सगळं खळं हसलं. तिचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

पाटील म्हणाले, "अवयव कोणता द्यायचा, ते सांगणाऱ्याच्या मनावर. बोल पोरी."

"सूर्य उगवला की त्या मिटतात," ती आता मोठ्याने म्हणाली, "आणि सूर्य मावळला की उघडतात."

वाहवा कुणीच केली नाही. सकाळी तिच्यासोबत यायलाही कुणी तयार झालं नाही. ती एकटीच गाढव घेऊन निघाली.

राक्षस खिंडीत आडवा पसरला होता. त्याच्या घोरण्याने दगड हलत होते. ती त्याच्या नख्यांमधून वाट काढत चालली. गाढवाचा खूर खडकावर वाजला. एक पापणी थरथरली. ती जागीच थांबली. पापणी स्थिरावली, तशी ती पुढे निघाली.

सूर्य मावळायच्या आत ती मिठाची गोणी घेऊन गावात आली. आधी गोठ्यात गेली आणि मिठाने भरलेला तळहात तिने गाईपुढे धरला. गाय तो चाटत राहिली. काही दिवसांनी ती उठून उभी राहिली, आणि गाव उठायचं राहिलं. रोज सकाळी खिंडीतून माणसं मिठाला जाऊ लागली.

पुढच्या सुगीला एक गडी खळ्यावर छाती काढून उभा राहिला. "मी राक्षसाला अशी शिंगं देतो, की..."

"बघून आलास का त्याला?" कुंभाराच्या सुनेची सासू बसल्या जागेवरून म्हणाली.

गडी खाली बसला. तेव्हापासून गावात नवी रीत पडली: जो बघून येईल, त्यानेच सांगायचं.

तात्पर्य: ज्याला भीतीची गोष्ट सांगायची आहे, त्याने आधी भीतीसमोर जाऊन बसावं.