पाणजाईच्या नथीतली कळी

अनसूयाआत्या पाहुण्यांना आधी देवळाच्या पायरीवर बसवतात. "उभ्यानं काय डोंबल दिसणार? बसा. आता बघा वर, देवीच्या नथीकडे." बसल्यावर नथीतला हिरा नजरेत भरतो. वरून फुगीर, टोकाशी सहा पैलू जुळलेले, खाली भोवतीनं अठरा, आणि सोन्याआड दडलेला तळ, आत्या सांगतात, पोळपाटासारखा सपाट. या घडणीला इथं कळी म्हणतात. तळ सपाट का, असं कुणी विचारायचा अवकाश, आत्या सावरून बसतात.

फार पूर्वी हे सगळं गावच हिरे घासणाऱ्यांचं होतं म्हणे. पुरुष चाकावर हिरा धरायचे, बायका चामड्याची वादी ओढून चाक फिरवायच्या. हिऱ्याला बाईनं हात लावायचा नाही, अशी रीत. देवीच्या नथीचा हिरा घडवायचं काम एका साली राघोजीकडे आलं. त्याची नजर अधू झाली होती, पण म्हाताऱ्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. जत्रेला नऊ दिवस उरले असताना त्यानं हिऱ्यावर छिन्नी ठेवली ती भलत्याच रेघेवर. एका घावात हिरा दुभंगला. एक अर्धूक राहिलं, दुसऱ्याचा चुरा झाला.

देवीचा हिरा मोडणाऱ्यानं आपलं चाक तळ्यात टाकायचं आणि धंदा सोडायचा, असा गावाचा दंडक. राघोजी चाक सोडवायला लागला. सून सगुणा वादी सोडून उठली. अकरा वर्षं वादी ओढताना तिचा कान तयार झाला होता. हिरा उलट्या अंगानं धरला की तो किंचाळतो, सुलट धरला की गुणगुणतो, हे तिला झोपेतही कळलं असतं.

"मामंजी, वादी तुम्ही ओढा. हिरा मी धरते," ती म्हणाली.

म्हातारा आधी भडकला, मग गुमान वादीपाशी गेला. सगुणानं मोडक्या अर्ध्याचा चुरा तेलात कालवून चाकाला लावला आणि त्यावरच उरलेलं अर्धूक घासलं. काय उमेद संचारली होती तिच्या अंगात! हिरा गुणगुणेल तिथं पैलू, किंचाळेल तिथून माघार. असे चोवीस झाले. तळ मात्र तिनं तसाच ठेवला.

जत्रेच्या दिवशी पंचांनी हिरा उलटा केला. "हा तर मोडलेला आहे."

"मोडलाय," सगुणा म्हणाली. "म्हणून तर तळ झाकला नाही. आधी देवीला घालून बघा, मग आमचं चाक न्या."

सपाट तळ नथीच्या सोन्यावर नेमका बसला. गुरवानं समई पुढे धरली आणि चोवीस पैलू एकदम पेटले. सगळी जत्रा पुढे लोटली. पंचांनी राघोजीची पाठ थोपटली. तेव्हा, असं सांगतात, म्हातारा भर देवळात बोलला, "मी मोडला. घडवला हिनं. मी नुसती वादी ओढली." चाक तळ्यात गेलं नाही.

आजही इथं कळी घडवायची असली की पहिला पैलू घरची सून पाडते आणि वादी सासरा ओढतो. आत्या आपली पहिली कळी पदराच्या गाठीतून काढून पाहुण्यांच्या तळहातावर ठेवतात. "आमच्या मामंजींना तेव्हा चौऱ्याऐंशीवं लागलं होतं," त्या सांगतात. "दुसऱ्या कुणाला वादीला हात लावू दिला नाही त्यांनी."