सांडव्यावरची टोपली

फार फार जुनी गोष्ट आहे, ज्या काळी राजाचं नाव लोकांना ठाऊक नसे, पण गावातल्या झाडान्‌झाडाची ओळख असे. त्या काळी नदीकाठच्या एका गावात सिदोजी नावाचा नावाडी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव गोजरा.

सिदोजीनं उभा जन्म पाण्यावर काढला. माणसं, गुरं, वऱ्हाडं, सगळ्यांना त्यानं पैलतीरी पोचवलं. मग उतारवयात त्याची दृष्टी गेली. आधी पलीकडचा काठ धुरकट झाला, मग अलीकडचा, आणि शेवटी हातातलं वल्हंही दिसेनासं झालं. नाव दुसऱ्याच्या हाती गेली. सिदोजी घरात बसला, तो बसलाच. वाढलं तर जेवायचा, विचारलं तर ‘हो’ म्हणायचा. गोजराला वाटायचं, माणूस समोर आहे, पण घरात नाही.

नदीची वाट उताराची आणि दगडधोंड्यांची. आंधळ्या माणसाला रोज तिथं नेणार कसं? मग गोजरानं पाणीच घरी आणायचं ठरवलं. परसात, जांभळाच्या सावलीत, तिनं एक लहानसं तळं खणून घेतलं. तळाशी चिकणमाती थोपटली, विहिरीचं पाणी भरलं, कमळाचे कंद लावले आणि नदीतले इवले इवले मासे आणून सोडले.

तळं निवळल्यावर तिनं सिदोजीला हाताला धरून काठावर बसवलं आणि त्याचे पाय पाण्यात सोडले. थोड्या वेळानं मासे आले. त्याच्या तळव्यांना हळूच टोचू लागले.

“गोजरे,” सिदोजी म्हणाला, “गुदगुल्या होतात गं!”

कितीतरी महिन्यांनी तो हसला होता. त्या दिवसापासून सिदोजी सकाळ झाली की तळ्याकाठी जाऊन बसायचा. माशांशी बोलायचा, गोजराशी बोलायचा, जुन्या पुरांच्या गोष्टी सांगायचा.

पुढे पानगळ सुरू झाली. जांभळाची पानं रात्रंदिवस तळ्यात पडू लागली. काही तरंगत राहिली, काही भिजून तळाशी गेली आणि कुजली. पाण्यावर तेलकट साय धरली. वास येऊ लागला. सकाळी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडीत आणि धापा टाकीत.

“पाणी कोंदलंय का गं?” सिदोजीनं विचारलं.

“छे हो! तुम्हाला उगीच वाटतंय,” गोजरा म्हणाली.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज एखाददुसरा मासा उलटा होऊन तरंगताना दिसायचा. सिदोजी उठायच्या आत ती तो उचलायची आणि केळीच्या बुंध्याशी पुरून टाकायची. जांभूळ तोडावं, तर उन्हानं पाणी तापणार. न तोडावं, तर पानं पडणार. हाताला लागतील तेवढी पानं ती वेचायची, पण मधल्या पानांपर्यंत हात पोचायचा नाही. इकडे सिदोजीनं तळ्याकाठी जाणं हळूहळू कमी केलं. मासे पायाशी येत नव्हते. तो पुन्हा भिंतीला टेकून गप्प बसू लागला.

गोजरा बाजारात गेली. तांबटाच्या दुकानात एक भलामोठा पितळी झारा टांगलेला होता, लांब दांड्याचा आणि लखलखीत.

“वहिनी, बुंदी गाळायचा झारा पाहिलाय ना?” तांबट म्हणाला. “हा त्याचा आजोबा समजा. तळ्यात एकदा फिरवला की पान म्हणून शिल्लक राहायचं नाही.”

गोजराला ते पटलं. एवढी मोठी वस्तू म्हणजे काम मोठंच करणार. तिनं झारा खांद्यावर टाकून घरी आणला. पण तो इतका जड की पाण्यात घातला की थेट तळाशी जायचा. तिथला गाळ ढवळून निघाला. तरंगणारी पानंही खाली दबली, कमळाचे दोन दांडे मोडले, आणि पाणी काढ्यासारखं काळं झालं.

मग ती घाटावरच्या कोळणीकडे गेली. तिनं बारीक विणीचं जाळं दिलं.

“यातून डाससुद्धा सुटायचा नाही,” कोळीण म्हणाली.

गोजरा हरखली. गाळ खाली बसेपर्यंत ती थांबली, मग जाळं पसरून तिनं तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. पानं आली, साय आली, शेवाळही आलं. काठावर मोठा ढीग झाला. पाण्यात आकाश दिसू लागलं. तिनं कमरेवर हात ठेवून समाधानानं पाहिलं.

तेवढ्यात तो ढीग हलला.

गोजरा खाली बसली आणि दोन्ही हातांनी पानं उपसू लागली. पानापानाखाली माशांची पिल्लं तडफडत होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ती ओंजळीत घेऊन पाण्यात सोडू लागली. काही पोहून गेली. काही तशीच तरंगली. तिला हुंदका आवरेना.

“गोजरे, काय झालं?” आतून सिदोजीचा आवाज आला.

“काही नाही.”

सिदोजी उठला. भिंत चाचपत, उंबरा ओलांडत, एकटाच परसात आला. आवाजाच्या रोखानं तो तिच्याजवळ आला आणि खाली बसला. त्याचा हात ओल्या ढिगावर पडला. बोटांना एक थंड, निपचित पिल्लू लागलं.

“हे कधीपासून चाललंय?”

मग गोजरानं सगळं सांगितलं. मेलेले मासे, केळीचा बुंधा, झारा, जाळं.

“मला का नाही बोललीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि तुम्ही तरी काय करणार होता?”

हे शब्द तोंडून गेले आणि गोजराला ते परत घ्यावेसे वाटले. सिदोजी मात्र रागावला नाही.

“अगं, डोळे गेले माझे. पाण्याची ओळख नाही गेली,” तो म्हणाला. “डोळे पूस आणि मला सांग, परसात वारा कुठून येतो?”

“डोंगराकडून.”

“मग पानं कुठल्या कोपऱ्यात साचतात?”

इतके दिवस गोजरा पानांमागे धावत होती, पण पानं कुठं जातात ते तिनं पाहिलं नव्हतं. तिनं आता पाहिलं. झाडावरून नुकतीच पडलेली दोनतीन पानं वाऱ्यानं सरकत सरकत अळवाच्या वाफ्याकडच्या कोपऱ्यात निघाली होती.

“अळवाकडं,” ती म्हणाली.

“घाटावरही असंच असतं. आम्ही नावाडी कचऱ्याच्या मागे कधी फिरलो नाही. तो एका कोपऱ्यात आपोआप यायचा, आम्ही तिथं उचलायचो. त्या कोपऱ्यात काठाला एक उथळ खाच पाड. रोज सकाळी समोरच्या टोकाला विहिरीचं पाणी ओत. तळं भरलं की वरचं पाणी त्या सांडव्यातून अळवात जाईल आणि जाताना पानं, साय ओढून नेईल. सांडव्यात एक टोपली बसवू, म्हणजे पानं तिथं अडकतील. फक्त टोपली नीट निवडली पाहिजे.”

“मी आत्ता जाऊन आणते.”

“तू एकटी नको. मी येतो.”

दृष्टी गेल्यापासून सिदोजी पहिल्यांदाच गावात निघाला. गोजराच्या खांद्यावर हात ठेवून तो बुरुडआळीत पोचला. तिथल्या बुरुडणीनं सगळ्यांत मोठी टोपली पुढे केली.

“ही घ्या, बाबा. पाचसहा दिवस रिकामी करायला नको.”

“पाचसहा दिवस पानं पाण्यात राहिली, तर तळ्यात काय आणि टोपलीत काय, कुजायचीच,” सिदोजी म्हणाला. “मला एका हातानं उचलता येईल अशी दे. रोज मीच उचलणार आहे.”

त्यानं एकेका टोपलीवरून बोटं फिरवली. एक फार दाट होती. तिच्यातून पाणी वाहिलं नसतं. दुसरी विरळ होती. तिच्यातून पिल्लं अळवात जाऊन पडली असती. अखेर एक साधी बांबूची टोपली त्याच्या हाताला पसंत पडली. गोजरा बाजूला उभी होती. तिनं एक शब्दही मधे घातला नाही.

घरी येऊन दोघांनी खाच पाडली, टोपली बसवली आणि पलीकडून घागरी ओतल्या. आधी काहीच झालं नाही. गोजराचा जीव टांगणीला लागला. मग एक पान हललं. ते स्वतःभोवती फिरलं, कोपऱ्याकडे निघालं आणि सांडव्याच्या तोंडाशी येऊन अलगद टोपलीत शिरलं. त्याच्यामागून दुसरं आलं. मग सायीचा एक तुकडा आला.

“गेलं का?” सिदोजीनं विचारलं.

“गेलं हो, गेलं!” गोजरा म्हणाली, आणि तिनं आणखी एक घागर ओतली.

काही दिवसांत वास गेला. मासे धापा टाकायचे थांबले आणि सिदोजीच्या पायांशी येऊ लागले. मागच्या दारापासून तळ्यापर्यंत त्यांनी एक दोरी बांधली. तिला धरून सिदोजी आपला आपण जाई, टोपली उचलून पानं चाचपी आणि चुकून आलेलं एखादं पिल्लू बोटांनी ओळखून पाण्यात सोडी. पानं केळीला जात आणि पाणी अळवाला.

आता गोजराला पहाटे चोरपावलांनी उठायची गरज राहिली नव्हती. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला हलकं वाटे. एक दिवस तर ती ऊन अंगावर येईपर्यंत झोपली. जाग आली तेव्हा परसातून आवाज येत होता. “आज काय सगळं झाड उतरलंय की काय?” सिदोजी पानांना दटावत होता. ती अंथरुणावर पडल्या पडल्याच हसली.

पुढे गावात आणखी काही परसांत तळी झाली. लोक गोजराला विचारायला येत, “टोपली केवढी घ्यावी? दाट की विरळ?”

ती म्हणे, “मला विचारू नका. तुमच्या घरात त्या पाण्यापाशी रोज कोण बसणार आहे? आधी त्याला विचारा.”

तात्पर्य: ज्याच्या सुखासाठी एखादी गोष्ट करायची, तिच्यातल्या अडचणी त्याच्यापासून लपवू नयेत, आधी त्यालाच विचारावं.