निजलेलं विरजण

एकदा एक वृद्ध आचार्य होते. दह्यातल्या सूक्ष्म जिवांचा अभ्यास हेच त्यांचं आयुष्य. कुमुद त्यांची शिष्या. तीन वर्षं खपून तिनं एक विरजण सिद्ध केलं होतं. एकच जीव वेगळा काढला, त्याला वाढवलं. एकाचे दोन, दोनाचे चार, अशी कोट्यवधी लेकरं झाली, सगळी एका रक्ताची. दही असं लागायचं की सुरीनं वड्या पाडाव्यात. गुरुवारी सात गावच्या बायका ते न्यायला येणार होत्या.

सोमवारी घाई झाली. दूध घेताना गवळ्याला विचारायचं, कुठल्या गाईची कास दुखतेय का, असा आचार्यांचा दंडक. कुमुदनं त्या दिवशी विचारलं नाही. वर होतं नव्हतं तेवढं विरजण एकदम त्या दुधात घातलं. संध्याकाळी झाकण काढलं, तर दूध तसंच पातळ. ती गवळ्याकडे धावली. तो डोकं खाजवत म्हणाला, कास सुजली म्हणून एका गाईला कालच सुई टोचलीय, तिचं दूध वेगळं ठेवायचं राहिलंच. सुईतलं औषध दुधात उतरतं आणि विरजणातले जीव मारतं, हे कुमुदला पाठ होतं. तीन वर्षं पाण्यात गेली. ती पातेलं उचलून पेरूच्या आळ्यात ओतायला निघाली.

आचार्य म्हणाले, "ओतू नकोस. चमचाभर काढ आणि दुसऱ्या घरच्या चांगल्या दुधात घाल."

"मेलेल्यांना दूध पाजू, सर?"

"पाज."

म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून तिनं कोमट दुधात तो चमचा घातला. मंगळवार कोरडा गेला. बायकांना येऊ नका असा निरोप धाडू का, असं तिनं दोनदा विचारलं. आचार्यांनी दोनदा नकारार्थी मान हलवली. बुधवारी सकाळी तिनं भांडं कलतं केलं, तर दही जागचं हललं नाही.

कुमुदला वाटलं, हे वाचलेले म्हणजे कुणी निराळ्याच जातीचे दणकट वीर. आचार्यांनी तिला त्याच नव्या दह्यातला चमचा पुन्हा औषधाच्या दुधात घालायला लावला. संध्याकाळी ते दूध पुन्हा तसंच पातळ; वीर असते, तर दही लागलं असतं.

तेव्हा आचार्य बोलले. "बाळ, ही सगळी सख्खी भावंडं. आईनं प्रत्येकाला संसार तोच दिला, मांडणीवर भांडी तीच, एक कमी नाही की जास्त नाही. पण आज कुणी कोणतं भांडं खाली काढलं, हे ज्याचं त्याचं. बहुतेकांनी मोठी पातेली चढवली आणि वाढत सुटले. थोड्यांनी चूलच पेटवली नाही, पांघरूण घेऊन पडले. हे औषध वाढणाऱ्यालाच गाठतं. निजलेला त्याच्या हाती लागत नाही. चांगलं दूध मिळालं तसे ते उठले. त्यांची लेकरं पुन्हा तशीच, बहुतेक राबणारी, थोडी निजणारी. म्हणून घराणं टिकतं."

कुमुदनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. न वाढता पडून राहिलेल्यांना ती एरवी मोजतही नसे. आज त्यांच्याकडे बघता बघता तिचा चहा गार झाला.

गुरुवारी बायका आल्या. एकीनं वाटी पालथी करून पाहिली. थेंब सांडला नाही. "यात सिमेंट कालवलंय का गं पोरी?"

"नाही मावशी," कुमुद हसून म्हणाली, "थोडी झोपाळू लेकरं आहेत."

शुक्रवारी सातही गावांत दही लागलं.