मुठीला लागलेला निळा रंग

फार फार वर्षांपूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हा आयांनाही रात्री झोप लागत असावी, एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती.

मूल जन्मलं की जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात चांदीचं एक नाणं गुंडाळायचं आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून द्यायचं. मग त्याला हात लावायचा नाही. मूल वाढायचं, तसं कोनाड्यात नाणंही वाढायचं. आकाराने नव्हे, रंगाने. चुलीचा धूर, भिंतीची ओल, घरातल्या माणसांचे श्वास, सगळं हळूहळू चांदीत मुरायचं. आधी कडेला मधासारखी पिवळी रेघ, मग जांभळट छाया, आणि फार वर्षांनी मधोमध मोराच्या मानेचा निळा.

मूल जाणतं झालं की ते नाणं मुठीत धरून देवळापर्यंत चालत जाई. तिथली म्हातारी पुजारीण नाण्याला कडी लावून ते देवीच्या माळेत ओवी. ज्याचं नाणं माळेत, तो गावाचा. विहीर त्याची, पंगतीतलं पान त्याचं. ज्याचं नाही, तो कितीही वर्षं राहिला तरी पाहुणा.

या गावात एक बाई लग्न होऊन आली. तिचं माहेर तांबटांच्या वस्तीतलं. तिकडे बाईची किंमत तिच्या भांड्यांच्या लखलखाटावरून ठरायची. तिला मुलगी झाली, नाणं कोनाड्यात गेलं, आणि दर दसऱ्याला ती ते बाहेर काढून चिंच आणि राखेने घासू लागली. लेकीचं नाणं, ते काळवंडू कसं द्यायचं?

तिला कुणी सांगितलं नाही. सासू आधीच वारली होती. नवऱ्याला वाटलं, असलं बायकांना ठाऊकच असतं. गावाला वाटलं, ही काय सांगायची गोष्ट आहे? आणि तिने विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, एवढंही कळत नाही. ज्या आईला आपल्याला काहीच येत नाही अशी धास्ती असते, तीच सगळ्यांत कमी विचारते.

मुलगी जाणती झाली. शेजारणीची मुलगीही तिच्याच वयाची. शेजारणीने आपल्या लेकीचं नाणं कोनाड्यातून काढलं, तेव्हा ही मुलगी तिथेच होती. ती धावत घरी आली.

“आई, तिचं नाणं निळं आहे. आपलं असं पांढरंफटक का?”

मागोमाग शेजारीण आली. नाणं पाहून तिने कपाळाला हात लावला. “अगं बाई, घासलंस? नाणं होतं की तांब्या?”

आईला हसू येईना आणि रडूही येईना.

“एवढं काय तोंड पाडतेस,” शेजारीण म्हणाली. “जा देवळातल्या पुजारीण आजीकडे, खरं काय ते सांग. खाणार नाही ती तुला.”

“आणि लोक? बाहेरून आलेली ती बाहेरचीच, असं म्हणतील.”

“ते तसंही म्हणतात,” शेजारीण म्हणाली. पण हे तिने जरा हळू म्हटलं.

आई देवळाकडे निघाली होती, हे खरं आहे. अर्ध्या वाटेवर बाजार लागला. तिथे एक धुरी देणारा बसला होता. त्याच्या हंडीत निखारे, निखाऱ्यांवर गंधक, आणि वर तारेला टांगलेली चांदी. बघता बघता चांदी पिवळी होई, जांभळी होई, निळी होई.

“घाईच्या लोकांसाठी आहे हे,” तो म्हणाला. “वहिनी, तुमच्या कोनाड्याला जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते माझी हंडी एक चिलीम ओढून होईस्तोवर करते.”

तिने नाणं पुढे केलं. परत मिळालं ते गावातल्या कुठल्याही नाण्याहून देखणं होतं.

घरी मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं. “पण आई, हा रंग माझा नाही ना?”

“तुझाच आहे. जरा लवकर आलाय, इतकंच. कुणाला सांगू नकोस.”

नेमल्या दिवशी मुली रांगेने निघाल्या. ही पुढे, शेजारणीची मागे. मुलगी घाबरली होती. मूठ घट्ट आवळून चालत होती, आणि मुठीला घाम सुटत होता.

देवळाच्या पायरीवर पुजारणीने म्हटलं, “उघड, बाय.”

मुलीने मूठ उघडली. पुजारणीने नाण्याकडे पाहिलंच नाही. तिने मुलीचा तळवा पाहिला. तळव्यावर निळा डाग उमटला होता, आणि नाण्यावरचा निळा जागोजागी उडाला होता.

“मुरलेला रंग हाताला लागत नाही,” पुजारीण म्हणाली. “हे कोणी केलं?”

मुलीने आईकडे पाहिलं. आईचं तोंड उघडलं, मिटलं. सगळं गाव बघत होतं.

“मी केलं, आजी,” मुलगी म्हणाली.

आईने पदर पुढे ओढून घेतला.

पुजारणीने सुस्कारा टाकला. माळेतलं एक गडद निळं नाणं तिने बोटावर घेतलं. “हे माझं. माझ्या खुळ्या आईने घासून घासून पांढरं केलं होतं. तसंच आणलं, तसंच ओवलं. इथल्या समईच्या धुराने त्याला रंग दिला. आता ओळखून दाखव बरं. पांढरं आणलं असतंस, पोरी, तर तुझंही ओवलं असतं. खोटा रंग चढवलेलं हे ओवता येत नाही.”

गर्दीत कुजबुज सुरू झाली. गावचा पाटील पुढे आला. “एकीने केलं, तर दुसरीने कशावरून केलं नसेल? आजपासून प्रत्येक नाणं घासून बघायचं.”

“अरे, घासल्यावर बघायला उरेल काय?” पुजारीण म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही.

मागे शेजारणीची मुलगी उभी होती. तिचं नाणं घेतलं, चिंच लावली, राख लावली. रंग हलेना. मग वाळू घेतली आणि जोर लावला. अखेर नाणं पांढरं झालं.

“बघा,” पाटील म्हणाला, “हाही रंग गेला.”

शेजारीण त्या आईकडे नुसती पाहत राहिली. त्यानंतर ती तिच्या दारात कधी आली नाही.

तिच्या लेकीचं नाणं पांढरंच ओवलं गेलं, आणि तेव्हापासून त्या गावात प्रत्येक नाणं घासूनच ओवलं जाऊ लागलं. शंका नको म्हणून माळेतली जुनीही घासली, पुजारणीचं नाणंसुद्धा. माळ पांढरी झाली. कोनाड्यात नाणं ठेवायचं लोकांनी सोडून दिलं. ठेवून करायचं काय?

धुरी दिलेल्या नाण्याची ती मुलगी, माळेत नाणं नाही म्हणून, विहीर सोडून नदीवरून पाणी आणत राहिली. एकदा आईने तिची घागर उतरवून घेताना विचारलं, “तू का म्हणालीस, मी केलं म्हणून?”

“तू काही बोलत नव्हतीस म्हणून,” मुलगी म्हणाली, आणि दुसरी घागर घेऊन निघून गेली.

बोध इतकाच: जे वेळेने यायचं ते घाईने आणलं, तर आपलं खोटं उघडं पडतंच, आणि शेजाऱ्याचं खरंही पुसलं जातं.