चिंचोक्याचं पिवळं कार्ड

बसा. मांडी घाला. चुळबुळ नको.

एक होतं पिल्लू. कुत्र्याचं. काळं, चकचकीत, एवढुस्सं. म्हणून त्याचं नाव चिंचोका.

चिंचोक्याला जायचं होतं फाटकाबाहेर. तिथं पोरं चेंडू खेळायची. टप्प टप्प टप्प!

पण त्याला सांभाळणारी चांगुणामावशी म्हणायची, "तीन सुया झाल्याशिवाय फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही. बाहेर रोग असतात, सोन्या."

दोन सुया झाल्या होत्या. पिवळ्या कार्डावर दोन शिक्के होते. आज तिसरी सुई.

आणि आजच चिंचोक्याने काय केलं? कार्डावर शू केली!

मावशीने कार्ड धुतलं. कुंपणावर वाळत घातलं. कावळा आला. कार्ड घेऊन भुर्रर्र!

फट फट फट! डॉक्टरताईंची स्कूटर आली.

"कार्ड कुठाय रे?"

"कावळ्याने नेलं."

"मग मी नाही टोचणार! आधीची सुई कधी दिली, मला काय स्वप्न पडतं? कार्ड आण, मग टोचते. चहा पिईपर्यंत थांबते. चहा संपला, की मी निघाले. मग पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना! बाप रे! केवढा लांब!

चिंचोका निघाला. दुडुदुडु दुडुदुडु. अंगणातल्या शेवग्याखाली आला.

"कावळेदादा, कावळेदादा, माझं कार्ड दे!
डॉक्टरताई टोचेना,
मला फाटकाबाहेर जाता येईना!"

"नाही देणार! काव! घरट्याला भोक पडलंय. कार्ड काढलं तर माझं अंडं पडेल. मऊ गवत आण, मग देतो."

चिंचोका निघाला. दुडुदुडु दुडुदुडु. शेळीकडे आला. शेळीपुढे गवताचा हा ढीग!

"शेळीमावशी, शेळीमावशी, थोडं गवत दे!
कावळा कार्ड देईना,
डॉक्टरताई टोचेना,
मला फाटकाबाहेर जाता येईना!"

"नाही देणार! बेंऽऽ! पाठीवर गोचीड बसलीय. चावते मेली! मला काही सुचत नाही. कोंबडीला सांग गोचीड टिपायला, मग देते."

चिंचोका निघाला. दुडुदुडु दुडुदुडु. कोंबडीकडे आला.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, गोचीड टिप!
शेळी गवत देईना,
कावळा कार्ड देईना,
डॉक्टरताई टोचेना,
मला फाटकाबाहेर जाता येईना!"

"नाही टिपणार! कॉक कॉक! माझी पिल्लं भुकेली आहेत. आधी दाणे आण, मग टिपते."

दाणे होते पडवीत, डब्यात. डब्याच्या झाकणावर बसला होता बोकोबा. जाडजूड. मिशाळ.

आणि डॉक्टरताईंचा चहा? अर्धा संपला!

चिंचोका धावला. दुडुदुडु दुडुदुडु.

"बोकोबा, बोकोबा, डब्यावरून ऊठ!
कोंबडी गोचीड टिपेना,
शेळी गवत देईना,
कावळा कार्ड देईना,
डॉक्टरताई टोचेना,
मला फाटकाबाहेर जाता येईना!"

"नाही उठणार! फिस्स! उठलो, की डॉक्टरताई मला धरणार. मला पण सुई टोचणार. आधी तू टोचून घे, मग मी उठतो."

घ्या! आता काय करायचं?

चिंचोका मटकन खाली बसला. ऊंऽ ऊंऽ करून रडू लागला.

"बोकोबा उठेना,
कोंबडी गोचीड टिपेना,
शेळी गवत देईना,
कावळा कार्ड देईना,
डॉक्टरताई टोचेना,
मला फाटकाबाहेर जाता येईना!"

रडता रडता त्याने वर पाहिलं. बोकोबाच्या मिशा हलत होत्या. थरथर थरथर.

"बोकोबा, तू घाबरलास?"

"मी? हॅट! थंडी वाजतेय."

"एवढ्या उन्हात?"

बोकोबा हळूच म्हणाला, "दुखतं का रे?"

"दुखतं," चिंचोका म्हणाला. "मुंगी चावल्याएवढं. माझ्या दोन झाल्यात, मला ठाऊक आहे. मी तुझ्याजवळ बसतो. दे पंजा."

बोकोबाने पंजा दिला. डोळे घट्ट मिटले. पहिल्या सुईला कार्ड कशाला? डॉक्टरताईंनी चहा खाली ठेवला. आल्या. टुच!

"झालं?"

"झालं!"

"एवढंच होय?" बोकोबाने मिशा साफ केल्या. टुण्णकन उडी मारली.

आणि मग काय!

बोकोबा उठला,
झाकण पडलं, खण्ण!
पिल्लांना दाणे मिळाले, टिक टिक टिक!
कोंबडीने गोचीड टिपली, टक्!
शेळीने गवत दिलं, सळसळ!
कावळ्याने गवताने भोक बुजवलं आणि कार्ड सोडलं. भिरभिर भिरभिर. आलं खाली!

डॉक्टरताईंचा शेवटचा घोट उरला होता. पिशवी खांद्यावर चढली होती.

"थांबा! थांबा!" दुडुदुडु दुडुदुडु दुडुदुडु!

डॉक्टरताईंनी कार्ड हातात घेतलं. नाक मुरडलं. "अगं बाई, याला वास कसला येतोय?"

"ते विचारू नका," मावशी म्हणाली.

डॉक्टरताईंनी सुई काढली. आता चिंचोक्याचेच पाय हलू लागले. थरथर थरथर.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. जाडजूड. मिशाळ.

"दे पंजा," बोकोबा म्हणाला.

टुच!

ठप्प! तिसरा शिक्का!

"शहाणं गं माझं बाळ!" मावशीने त्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधला.

"आता आठ दिवस अंगणातच राहायचं," डॉक्टरताई म्हणाल्या. "औषध अंगात मुरू दे. मग फाटक उघडा."

चिंचोका फाटकाशी बसला. मोजा बघू त्याच्याबरोबर. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

आठ!

फाटक उघडलं. कर्रर्र!

टप्प टप्प टप्प, पुढं चेंडू. दुडुदुडु दुडुदुडु, मागं चिंचोका.

गोष्ट फाटकापाशी थांबली. चिंचोका काही थांबला नाही.