दुसरा कर्नेल

"...पण मरणाऱ्यानंच सांगितलं नाही, तर तो कशानं मेला हे कळणार कसं, सर?"

शलाका नाडगौडाने विचारलं.

हमदुले सर पडवीत बसून खाडीकडे बघत होते. ओहोटी लागली होती. पाणी इतकं सावकाश मागे सरत होतं, की ते सरतंय हेच लक्षात येत नव्हतं...

दोघांच्या मध्ये जमिनीवर एक डबी होती. तळहाताएवढी, एका बाजूला लाल बटण असलेली. मासेमारीच्या होड्यांसाठी शलाकानेच ती बनवली होती. होडी कुठे आहे, ते डबी रेडिओवरून किनाऱ्याला कळवत राही. संकट आलं, तर लाल बटण दाबायचं.

गेल्या मोसमात धुक्यात रामा पावसेच्या होडीचं इंजिन बंद पडलं. रामा त्या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. होडी वाहत वाहत कड्याखाली गेली आणि खडकांत अडकली. किनाऱ्यावरच्या पडद्यावर मात्र हिरवा दिवा जळत राहिला. सर्व ठीक. कुणी शोधायला गेलं नाही. शेवटी परगावच्या एका होडीला रामा आणि त्याचे खलाशी दिसले.

माणसं वाचली. पण हरी खलाशी त्यानंतर समुद्रावर गेला नाही. डबी त्याच्या हातात होती. गाव म्हणे, हरीने घाबरून भलतंच काहीतरी दाबलं. पुढे पुढे हरीही तेच म्हणायला लागला.

शलाकाचंही तेच मत होतं. मग तिने ती डबी तपासली, तेव्हा ती किती वेळा नव्याने सुरू झाली त्या आकड्यावरून कळलं, की त्या दिवशी डबीचा कर्नेल पुन्हा पुन्हा कोसळला होता. कर्नेल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. मेमरी, बटण, रेडिओ, सगळं त्याच्या हाती. तो गेला की यंत्राला कुणी वाली नाही.

का कोसळला, याची मात्र कुठेच खूण नव्हती. म्हणून ती इथे आली होती.

हमदुले सरांचं उभं आयुष्य कर्नेल लिहिण्यात गेलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं कुठे कुठे पसरली होती. आता ते आपल्या गावी, खाडीकाठी येऊन राहिले होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. कशाचे मास्तर, ते कुणी विचारत नसे.

"माझी डबी पडून राहत नाही, सर," शलाका म्हणाली. "कर्नेल कोसळला, तर पापणी लवायच्या आत पुन्हा उठतो. एवढ्याशा प्रोसेसरवर हे सोपं नाहीये."

"उठल्यावर काय म्हणतो?"

"सर्व ठीक."

"आपण पडलो होतो, हे त्याला ठाऊक असतं?"

"नाही."

सर पुन्हा पाण्याकडे बघायला लागले.

"मी त्याला सांगून ठेवलंय," ती जरा घाईने म्हणाली. "कोसळताना आपली शेवटची अवस्था डबीतल्या मेमरी-कार्डावर लिहून ठेव म्हणून. पण कार्ड कोरं निघतं. नाहीतर नुसता कचरा."

"जो पडतोय, त्याच्याच हातात लेखणी दिलीस."

"मग कुणाच्या हातात देऊ?"

"दुसऱ्याच्या."

"दुसरा आहेच कोण आत?"

"दुसरा कर्नेल. लहानसा. डबी सुरू झाल्यापासून मेमरीच्या एका कोपऱ्यात झोपलेला. पहिल्याने त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही. पहिला पडला, की वीज न तोडता सरळ याला उठवायचं. वीज तुटली, की आठवण गेली."

"उठून तो काय करणार?"

"कोपरा सोडणार नाही. बाकीची मेमरी जशी पडलीये तशी कार्डावर उतरवून घेईल. मग पहिल्याला पुन्हा उठवेल."

शलाका हसली. "सर, या डबीत मेमरी ती केवढी. मी तिचा कण न् कण वापरलाय. एकही कोपरा रिकामा नाही."

सर प्रथमच तिच्याकडे वळले.

"म्हणून तिला काही सांगता येत नाही."

शलाका तिथेच राहिली. पडवीत टेबल मांडून कामाला लागली.

जागा करायची तर काहीतरी काढायला हवं होतं. तिने सगळं चाळून पाहिलं. रेडिओ काढता येईना, बटण काढता येईना. शेवटी राहिला नकाशा. डबीच्या इवल्याशा पडद्यावर किनारा, खडक, खोली, सगळं रंगांत उमटायचं. लोक डबी हातात घेत ते त्या नकाशासाठी. तिचं सगळ्यात देखणं काम तेच होतं.

दोन वेळा तिने तो काढला आणि पुन्हा बसवला.

सर आत-बाहेर करत होते. चहा ठेवून जात होते.

तिसऱ्यांदा काढला, तो काढलाच. त्या जागी दुसरा कर्नेल जाऊन निजला.

पण टेबलावर डबी काही केल्या कोसळेना. शलाकाने बटण दाबलं, हलवली, तापवली. डबी शांत.

"इथे पडत नाही, सर."

"इथे कुणी बुडत नाही," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामा तांडेलाने दोघांना होडीत घेतलं. खाडीवर धुकं होतं. थोड्याच वेळात काठ दिसेनासा झाला, मग माडांचे शेंडे, मग आपल्याच होडीचं नाक. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, ते कळेना. सगळं जग कुणीतरी दुधात बुडवून ठेवल्यासारखं...

एकाएकी डोक्यावर काळोख दाटला. कडा होता तो, अर्धं आभाळ अडवून उभा असलेला. रामाने इंजिन बंद केलं.

"हितंच अडकलो होतो, बाय."

"हरी बटण दाबत होता, ते तुम्ही बघितलंत?"

"धुक्यात मला माझा हात दिसत नव्हता. दाबतोय, दाबतोय, असं ओरडत होता एवढं खरं. आता विचारलं तर म्हणतो, मीच चुकलो."

शलाकाने डबी त्याच्या हातात दिली. रामाने सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली.

त्याने लाल बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

शलाकाचा हात सवयीने चालू-बंदच्या कळीकडे गेला. सरांनी तिचं मनगट धरलं.

"थांब."

"मेली काय, मास्तर?" रामाने हळूच विचारलं.

"हो."

"मंग आता?"

"बघू, जवळ कुणी बसतंय का..."

कुणीच हललं नाही. होडी पाळण्यासारखी डुलत होती. कड्यावरून थेंब पाण्यात पडत होते, एकेक. सरांनी मनगट सोडलं नव्हतं.

मग डबीच्या कडेला एक बारीक पिवळा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. श्वास घ्यावा, तसा.

"काय करतंय ते?"

"मयताजवळ बसलंय," सर म्हणाले. "ऐकून घेतंय."

लहानसा प्रोसेसर, त्याचं काम लहानाच्याच गतीने चालणार. शलाकाला वाटलं, किती वेळ गेला... मग वाटलं, वेळ जातच नाहीये. आजवर तिने या यंत्राला कधी इतका वेळ पडून राहू दिलं नव्हतं.

दिवा विझला. पहिला कर्नेल उठला. पडद्यावर या वेळी 'सर्व ठीक' आलं नाही. शलाकाने नवीनच लिहिलेले दोन शब्द आले. 'पडलो होतो.'

तिने कार्ड काढून मांडीवरच्या लॅपटॉपला लावलं. आकड्यांच्या ओळी खाली खाली सरकू लागल्या. ती वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"बटण दाबलेलं कळलंय. कर्नेलने संदेश पाठवायला घेतलाय. संदेशात होडीची जागा घालायची, म्हणून तो जागा आणायला गेला..."

ती थांबली.

"पुढे?"

"वर कडा आहे. उपग्रह दिसत नाहीत. जागा सापडलेलीच नाही. ती मेमरीत कुठे ठेवलीये त्याचा पत्ता हवा, तिथे नुसतं शून्य आहे. तो त्या शून्याच्या पत्त्यावर गेला... तिथे कुणी राहतच नाही, सर. तिथेच कोसळला."

"ती ओळ कुणाची?"

"माझी. जागा सापडली नाही तर काय करायचं, हे मी लिहिलंच नाही. सापडणारच, असं धरून चालले."

रामाला आकडे कळत नव्हते. एवढंच कळलं.

"म्हंजे हरीनं बरोबर दाबलं होतं?"

"हो," शलाका म्हणाली. "दर वेळी."

परतल्यावर ती होडीतून उतरून सरळ हरीकडे गेली. तो वाळूत बसून जाळं सांधत होता. सर लांबच उभे राहिले.

तिने सगळं सांगितलं. हरीची मान वर झाली नाही. सुई जाळ्यातून जात-येत राहिली.

"दाबलं, की हिरवा दिवा लागायचा," तो म्हणाला. "पुन्हा दाबलं, की पुन्हा लागायचा. मला वाटलं, माझंच बोट चुकतंय."

"बोट बरोबर होतं. माझी डबी चुकत होती."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत नाय ना?"

"मी सांगत नाहीये, हरीदादा. कोसळलेल्यानंच सांगितलंय."

सुई थांबली. हरीने आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि तो ते बघत राहिला, परक्याचं असावं तसं... मग जाळं बाजूला सारून उठला. पाण्यापर्यंत गेला. घोटे बुडतील इतका आत शिरून उभा राहिला.

कुणी त्याला हाक मारली नाही.

ती ओळ दुरुस्त झाली. प्रत्येक होडीच्या डबीत एक कोपरा मोकळा झाला. नवा मोसम सुरू झाला, तेव्हा हरी रामाच्या होडीवर होता.

निघायच्या दिवशी शलाका सरांच्या पडवीत आली. डोळ्यांत चमक होती.

"सर, मला वाटतं, त्या दुसऱ्या कर्नेलला मी फारच थोडं काम दिलंय. उठल्या उठल्या तो किनाऱ्याशी बोलू शकेल. पहिला का पडला, ते स्वतःच शोधू शकेल. त्याची चूकही दुरुस्त करेल. मी सगळं लिहून काढलंय. फक्त एकच अडचण आहे..."

"काय?"

"इतकं सगळं करताना तोच कोसळला, तर त्याच्याजवळ कोण बसणार?"

भरती लागली होती. पाणी पायरीपर्यंत येत होतं, मागे जात होतं.

सरांनी पायरीवरच्या चपला उचलून वर ठेवल्या.

मग म्हणाले, "त्याला शहाणा करू नकोस."