राहीने फोडलेला टप्पा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, आपल्या पणज्याच्या पणज्यालाही तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. खडकओहोळ गावात राही नावाची एक पाथरवटीण राहत होती. झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीने टाके घालायचे आणि ती पुन्हा दळती करायची, हा तिचा धंदा. तिचा हात एकदा लागला की जातं वर्षभर रुसत नसे, असं म्हणतात.

गावाला पाणी एकाच बारवेचं. बारवेला बहात्तर पायऱ्या होत्या. दर दहा पायऱ्यांनंतर एक रुंद टप्पा, असे सात टप्पे, आणि तळाशी उरलेल्या दोन. उन्हाळ्यात पाणी रोज एक पायरी खाली जाई. ही एक पायरी माणसं, गुरं आणि पाटलांच्या मळ्याची मोट मिळून संपवत. पाण्याखालच्या पायऱ्या काही दिसत नाहीत. म्हणून दर अक्षय्यतृतीयेला पंतोजी उघड्या पायऱ्या मोजत, त्या बहात्तरातून वजा करत आणि अजून किती दिवस पाणी पुरेल ते सांगत. त्यांच्या शब्दावर सगळं गाव चाले.

त्या वर्षी अडतीस पायऱ्या उघड्या पडल्या. विसाजीपंत पंतोजींनी धूळपाटीवर आकडे मांडले. दोनातून आठ जात नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण अशा वेळी सरळ आठातून दोन काढावेत, असं त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं, आणि तेच ते पोरांच्या हातावर छडी मारून शिकवत आले होते. आठातून दोन गेले, सहा. सातातून तीन गेले, चार. पाणी शेहेचाळीस दिवसांचं निघालं. मृगाला चाळीस दिवस होते. म्हाळोजी पाटील खूश झाले आणि मोट चालू ठेवा म्हणाले. आजवर पाणी भरपूर असे, त्यामुळे पंतोजींची चूक खपून जाई.

राही तिथेच घागर घासत बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण दगड मोजण्यात तिचा जन्म गेला होता. तिच्या मोजणीने सहा दिवसांचं पाणी कमी पडत होतं, आणि गावात घरोघरी पाळणे हलत होते. बोलावं तर पाटलांच्या मोटेवर घाला, आणि पाटलांशी वैर घेऊन गावात कोण टिकतं? तरी ती उठली.

“पंतोजी, रागावू नका,” ती म्हणाली. “घरात दोन भाकरी हायेत आन् आठ माणसं जेवाया आली, तर सा भाकरी उरल्या म्हनता व्हय?”

पंतोजींबरोबर आलेली शाळेतली पोरं फिसकन हसली. पंतोजी लालबुंद झाले. पाटील म्हणाले, “राही, तुझं खोटं निघालं तर गाव सोडावं लागेल.”

पण राहीने सात धोंडे ओळीने मांडले आणि शेजारी दगडाच्या दोन कपच्या ठेवल्या. पोरांना जवळ बोलावून ती म्हणाली, “एक धोंडा म्हंजी एक टप्पा, धा पायऱ्यांचा. ह्या दोन कपच्या म्हंजी सुट्या पायऱ्या. आता काढायच्या हायेत आठ, आन् सुट्या दोनच. मग काय करायचं? एक टप्पा फोडायचा.”

तिने हातोडा उचलला. असं म्हणतात, की एकाच घावात त्या धोंड्याचे बरोबर दहा तुकडे झाले, एक कमी नाही की एक जास्त नाही. पोरांनी बारा कपच्यांतल्या आठ उचलल्या, चार उरल्या. सहा धोंड्यांतले तीन उचलले, तीन उरले. तीन टप्पे आणि चार पायऱ्या, म्हणजे चौतीस.

तेवढ्यात कुंभाराची सात वर्षांची पोर, चंपी, बोटं मोजत म्हणाली, “पंतोजी, तुमच्या शेहेचाळिसात उघड्या अडतीस मिळवल्या तर चौऱ्याऐंशी व्हत्यात. आपल्या बारवंला तर बहात्तरच पायऱ्या हायेत.”

पंतोजींनी ती बेरीज दोनदा करून पाहिली. मग धूळपाटी पुसली. “पाटील, मोट थांबवा,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. इतकी वर्षं मी या पोरांना चुकीचं शिकवलं, आणि वर मारलंही.” भर गावात असं म्हणायला छाती लागते. ती त्यांच्याकडे होती, हेही सांगितलं पाहिजे.

मोट थांबली. पाटलांच्या मळ्यातली वांगी वाळली, पण गाव तगलं. पंतोजी दुसऱ्या दिवसापासून पोरांना घेऊन राहीच्या अंगणात बसू लागले, आणि छडी त्यांनी चुलीत घातली. चाळिसाव्या दिवशी तळाच्या पायरीवर एकच घागर पाणी उरलं होतं. सगळं गाव ते प्यालं तरी घागर रिकामी झाली नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर झाली असेल, पण तोवर आभाळ भरून आलं होतं.

आता खडकओहोळात नळ आले आहेत. शाळेतली पोरं वजाबाकीत अडली की अजूनही ‘टप्पा फोड’ म्हणतात. आणि अक्षय्यतृतीयेला सगळं गाव बारवेवर जमतं आणि राहीच्या नावाने उघड्या पायऱ्या मोजतं. वजाबाकी करायची ती सरपंचांनी किंवा हेडमास्तरांनी, आणि बेरीज करून ती तपासायची ती गावातल्या सगळ्यात लहान शाळकरी पोराने. पोर अडखळलं तर सगळे थांबतात, घाई कोणी करत नाही. ते पोर ‘बरोबर’ म्हणेपर्यंत बारवेत कोणी घागर बुडवत नाही, सरपंचसुद्धा नाही.